निळ्या धुराचे निदान

त्याने आधी तिच्याकडे पाहिलेच नाही. पाहिले ते तिच्या मागे लोंबत येणाऱ्या धुराकडे.

सोमवारची सकाळ होती. पाऊस इतका बारीक होता, की तो पडतो आहे की नुसताच हवेत रेंगाळतो आहे, हे सांगता येऊ नये. पहाटेपासून अडलेली एक गाय मोकळी करून ती वरच्या गोठ्यातून गाडीवरून डोंगर उतरत होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, केसांत गवताच्या काड्या, आणि मनात ते नुकते जन्मलेले, स्वतःच्याच पायांवर विश्वास नसलेले वासरू. चौथ्या वळणानंतर उतरणीतच एक छोटा चढ लागतो. तिथे तिने वेग वाढवला, आणि मागे नेहमीचा तो निळसर पदर उलगडत गेला.

"थांबू नका! थांबू नका हो, चालवत राहा!"

रस्त्याच्या कडेने एक तरुण धावत येत होता. खांद्यावर पाण्याच्या पंपाचा रबरी पट्टा, पायांत चिखलाने भरलेले बूट. दरड कोसळते आहे की काय, असे तिला वाटले. पण तो दरडीकडे पाहत नव्हता. तो गाडीच्या मागोमाग, नाक वर करून, डोळे अर्धवट मिटून धावत होता... जणू कुणाच्या तरी बागेवरून जाताना पावले आपोआप मंदावावीत, तसा चेहरा करून. दहा-बारा पावले त्याने त्या धुराची सोबत केली, मग पुढे येऊन हात वर केला.

"हां. आता थांबा."

"काय झालं?"

"निळा आहे."

"काय निळं आहे?"

"धूर. पांढरा असता तर पाणी म्हटलं असतं, काळा असता तर पेट्रोल. निळा म्हणजे तेल जळतंय."

"ते मला ठाऊक आहे," ती ताठपणे म्हणाली. "पण माणसं आधी आपली ओळख करून देतात, मग दुसऱ्याच्या गाडीचा वास घेतात."

तो गोंधळला. मग हसला, आणि हसताना त्याने पहिल्यांदा धुरावरून नजर काढून तिच्याकडे पाहिले.

"धूर वाऱ्यावर निघून जातो, डॉक्टर. ओळख काय, नंतरही होते."

आपण डॉक्टर आहोत हे याला कसे कळले, असा प्रश्न तिला पडला खरा. पण सीटमागे बोल्टांनी घट्ट बसवलेल्या औषधांच्या पांढऱ्या पेटीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलेच होते.

गाडी म्हणजे एटीव्ही. चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर बसावे तसे बसायचे. वरचे गुराखी तिला 'डोंगरगाडी' म्हणत. चार महिन्यांपूर्वी तिने ती जुनीच घेतली होती, खालच्या एका लाकूड-ठेकेदाराकडून. कारण सरकारी जीप पाचव्या वळणापर्यंतच चढत असे आणि गुरांचे अकरा गोठे त्याच्याही वर होते. जीपचा रस्ता संपतो तिथेच आजाराला सुरुवात का होते, हे तिला आजवर कुणी समजावून सांगितले नव्हते.

आणि आता शुक्रवारी मोठे डॉक्टर येणार होते. कार्यालयाचे पत्र स्पष्ट होते: वरच्या गोठ्यांपर्यंत नियमितपणे पोचू शकेल असे वाहन उपलब्ध असल्याचा, मिस्त्रीच्या सहीचा दाखला दाखवावा, अन्यथा डोंगरावरचा दवाखाना बंद करून डॉक्टरांना खालच्या प्रयोगशाळेत रुजू करून घेण्यात येईल. प्रयोगशाळेत गुरे नसतात. तिथे फक्त गुरांचे रक्त येते, लहानशा नळ्यांतून, क्रमांक लावून.

"माझं गॅरेज तिसऱ्या वळणाला आहे," तो म्हणाला. "आणा. बघू या."

*

गॅरेज म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, आणि तिच्या तोंडाशी सुट्या भागांचे काउंटर. काउंटरमागे त्याची आत्या बसलेली असे. नाकावर चष्मा, पुढ्यात शब्दकोडे, आणि कान मात्र सगळे शेडमध्ये. हे गॅरेज मूळचे तिचेच. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा तिने पाने भाच्याच्या हाती सोपवले आणि सल्ले स्वतःकडे ठेवले.

"याला सगळे कानसेन म्हणतात," आत्याने सांगून टाकले. "इंजिनाचं तासन् तास ऐकतो. माणसाचं ऐकायची वेळ आली की मात्र ह्याला बरोबर काम निघतं."

"आत्या, तेवीस आडवं सुटलं का तुझं?"

"बघ. विषय बदलला."

तो गाडीपाशी उकिडवा बसला. डॉक्टरला वाटले, आता हा पाने काढील. पण त्याने खिशातून एक वही काढली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"धूर कधीपासून?"

"तीन महिने झाले असतील."

"सकाळी सुरू केल्याकेल्या जास्त, की चालून तापल्यावर?"

"दोन्ही वेळा. चढावर जरा जास्त."

"उतारावर वेग सोडून दिला आणि मग पुन्हा वाढवला, की भस्सकन येतो?"

ती विचारात पडली. "भस्सकन नाही. येतो तो... सारखाच येतो."

तिच्या मनात काहीतरी हलले. कधीपासून, केव्हा, खाल्ल्यावर की उपाशी, उभे असताना की बसल्यावर: हे तर तिचेच प्रश्न होते. रोग्याला हात लावण्याआधी त्याची हकिकत ऐकावी, हे तिच्या गुरुजींनी पहिल्या वर्षी शिकवले होते. आणि इतक्या वर्षांत, इतक्या सबुरीने हकिकत ऐकणारा दुसरा माणूस तिने पाहिला नव्हता. उत्तर आले की तो लगेच लिहीत नसे. आधी ते मनात फिरवून पाही, नाणे खरे की खोटे हे बोटांनीच ओळखणाऱ्या माणसासारखे, आणि मगच पेन्सिल टेकवी.

"हवेचा फिल्टर?"

"खालच्या गॅरेजात नवा घातला. महिनाही झाला नाही. त्यांनीच सांगितलं, इंजिन संपलंय म्हणून."

"आणि तेल? किती घालावं लागतं?"

इथे ती अडखळली.

खालच्या गॅरेजातही हाच प्रश्न आला होता. तिथे तिने खरे उत्तर दिले तेव्हा चार माणसे हातातली कामे टाकून हसली होती. मॅडम, गाडीला तेल घालता की बाळाला दूध पाजता? ते हसू अजून तिच्या कानांच्या पाळ्यांत तापून होते. आणि हा माणूस इतक्या आदराने पेन्सिल धरून बसला होता...

"कधीतरी," ती म्हणाली. "पंधरा दिवसांतून एकदा. अर्धा कप."

हे खरे नव्हते. त्याने मात्र ते लिहून घेतले. स्वच्छ, सरळ अक्षरात.

*

मंगळवारी तिने गाडी शेडमागच्या चढावर तीनदा नेली नि तीनदा आणली. तो प्रत्येक वेळी वेगळ्या जागी उभा राहिला: कधी धुराच्या बाजूला, कधी खाली, एकदा तर भिंतीवर चढून. मग त्याने इंजिन चालूच ठेवायला सांगितले, एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचे टोक इंजिनाच्या माथ्यावर टेकवले आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली.

"हे काय?"

"आतलं ऐकतोय. व्हॉल्व्ह सैल असेल तर कळतं."

तिने पेटी उघडली आणि स्टेथोस्कोप काढला. आधी तिने ऐकले. आत एक प्रचंड, नेमका, घाई नसलेला गोंगाट होता. मग तिने नळी गळ्यातून काढून त्याच्या हातावर ठेवली. कानांत घालायची टोके अजून तिच्या कानांच्या उबेची होती. त्याला ते जाणवले, हे तिला दिसले. तो डोळे मिटून वाकला. पत्र्यावर पाऊस वाजत होता, इंजिन धडधडत होते, आणि त्या दोन आवाजांच्या मधोमध त्याचा चेहरा अगदी शांत होता, काठोकाठ भरलेल्या पाण्यासारखा.

"काय ऐकू येतं?" तिने ओरडून विचारले.

"दोन ठोके. एक आत घेणारा, एक बाहेर सोडणारा. दोन्ही वेळेवर."

"हृदयाचंही तसंच असतं."

त्याने डोळे उघडले. इंजिन बंद केले. शांतता एकदम मोठी झाली.

"आणि ही नळी एखाद्या माणसाला लावली... तर?"

"काही उपयोग नाही. डॉक्टर जवळ आला की ठोके उगीच वाढतात. गायींचंही तेच होतं. म्हणून तो आकडा खरा धरायचा नसतो."

"बरं झालं सांगितलंत," तो नळी गुंडाळत म्हणाला. "मग माझा आकडा खरा धरू नका."

ती काहीतरी शोधायला पेटीत वाकली. पेटीत शोधण्यासारखे काहीच नव्हते.

"दोन दोन वैद्य," काउंटरमागून आवाज आला, "आणि रोगी तिसराच. पोरांनो, त्या गाडीला कुणी काही विचारेल का?"

*

बुधवारी त्याने इंजिनाचा प्लग काढून त्या जागी दाबाचा काटा बसवला आणि तिला किक मारायला सांगितले. काटा सरकत सरकत वर गेला आणि तिथेच ठाम उभा राहिला. तो कितीतरी वेळ काट्याकडे पाहत राहिला.

"वाईट आहे?" तिने विचारले.

"चांगलं आहे. तेच तर वाईट आहे."

"म्हणजे?"

"खालचे लोक म्हणाले इंजिन संपलंय. संपलेल्या इंजिनात एवढा दाब राहत नाही. पण तेल तर जळतंय. मग उरली पिस्टनची सगळ्यात खालची रिंग, तेल पुसून काढणारी. ती गेली तरी हा काटा बोलत नाही. ती बघायची तर इंजिन उघडावं लागेल. आणि रिंग मागवली तर यायला आठ दिवस."

बुधवार होता. आठ दिवसांचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता.

"दाखला..." ती म्हणाली.

तो वही चाळत राहिला.

"अरे, लिहून टाक की दोन ओळी," आत्या म्हणाली. "गाडी चढते तर आहे. रिंग मागाहून बदलशील."

"आत्या, वरच्या आठव्या गोठ्याचा चढ तू पाहिलायस. एका बाजूला कडा आहे. इंजिनानं तिथे तेल संपवलं आणि चाकं जाम झाली तर?"

"तेल मी बघते ना," डॉक्टर घाईने म्हणाली. "माझं लक्ष असतं. सही केलीत तर मी इथे राहीन. नाही केलीत तर सोमवारी मी खाली नळ्यांवर क्रमांक लिहीत असेन."

"कळतंय मला ते." त्याने वही मिटली. त्याचा आवाज खाली आला होता. "डॉक्टर, या डोंगरावर तुम्ही राहावं असं ज्यांना वाटतं ना, त्यांची यादी केली तर गुरांच्याही आधी माझं नाव येईल. म्हणूनच या सहीबद्दल माझा माझ्यावर भरवसा नाही. तुम्ही अनोळखी असता तर मी काय केलं असतं, एवढंच विचारतोय स्वतःला. नसती केली सही."

ती बाहेर पडली. गाडी तिथेच राहिली. दवाखान्यापर्यंतच्या ओल्या रस्त्यावर ती इतक्या तरातरा चालली, की तिला आधी वाटले आपण संतापलो आहोत. मग दुसऱ्या वळणाच्या पुलावर ती थांबली. खाली पाणी गढूळ होऊन धावत होते. तिला हवी ती गोष्ट नाकारताना त्याचा चेहरा किती पांढरा पडला होता! नाही म्हणण्यात इतके सौजन्य असू शकते, हे तिला आजवर माहीत नव्हते. गोड बोलून हो म्हणणारे पुष्कळ भेटले होते. आईने दाखवलेली स्थळे तर एकजात तशीच होती. आपल्या मनाविरुद्ध आपली इतकी काळजी घेणारा मात्र हा पहिलाच... आणि त्या वहीत, त्याच्या त्या सरळ अक्षरात, एक ओळ खोटी होती. तिने दिलेली.

*

गुरुवारी सकाळी दवाखान्यात एक मेंढपाळीण आली. काखेत शेळी, शेळीचे पोट नगाऱ्यासारखे.

"काय खायला घातलंत?"

"काही नाही, बाई. नेहमीचा पाला."

"मावशी, खरं सांगा. मी ओरडत नाही."

मावशीने पदराशी चाळा केला. "दाणा... रोज मूठभर जास्तीचा. हडकली होती हो. माझ्या हातून कमी पडू नये म्हणून... घरचे हसतात, म्हणून बोलले नाही."

डॉक्टर तिला रागे भरणार होती. तोंड उघडले, आणि तिला वहीतली ती खोटी ओळ आठवली. शेळीच्या घशात नळी घालून तिने वारा मोकळा केला, औषध पाजले, शेळी स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत थांबली. मग हात धुतले आणि सरळ तिसऱ्या वळणाची वाट धरली.

तो इंजिनाखाली पातेले सरकवून उघडायच्याच तयारीत होता.

"थांबा," ती धापा टाकत म्हणाली. "मला एक सांगायचंय. म्हणजे... कबूल करायचंय."

आत्याने पेन्सिल खाली ठेवली.

"तेल मी पंधरा दिवसांनी घालत नाही. रोज घालते."

"रोज?"

"रोज सकाळी. निघायच्या आधी. ती मापाची काठी काढते, पुसते, बुडवते. तेल अगदी तळाशी दिसतं. म्हणून अर्धा कप. ठेकेदारानं सांगितलं होतं, तेलाकडे रोज बघत जा. खालच्या गॅरेजात सांगितलं तर ते हसले, म्हणून तुम्हाला..." ती पातेल्याकडे पाहू लागली. "तुम्ही हसाल असं वाटलं."

तो हसला नाही. तो हळूच उठून उभा राहिला.

"सकाळी. इंजिन सुरू करायच्या आधी?"

"हो."

"गार असताना? चार महिने?"

"...हो."

"अरे देवा," आत्या म्हणाली, आणि हे 'अरे देवा' जवळजवळ आनंदाचे होते.

"या इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत असतं," तो भराभर बोलू लागला. चार दिवसांत एवढे शब्द त्याने एकदम वापरले नव्हते. "गाडी उभी राहिली की रातोरात ते झिरपून इंजिनाच्या पोटात उतरतं. सकाळी काठी टाकीत बुडवली तर टाकी रिकामीच दिसणार! घरातली सगळी मागच्या खोलीत झोपलेली असावीत आणि आपण पुढच्या दारातून बघून म्हणावं, घरात कुणी नाही. आधी इंजिन पाच मिनिटं चालवायचं, म्हणजे तेल परत टाकीत येतं. मग बंद करून बघायचं. तुमचं तेल कमी होतच नव्हतं, डॉक्टर. जास्त होत होतं."

"पण मग रोज जायचं कुठे?"

"जागाच नाही म्हटल्यावर जाईल कुठे? इंजिनाला श्वासाची एक नळी असते, तिच्यातून हवेच्या डब्यात. डब्यातून पुन्हा इंजिनाच्या तोंडात. आणि तिथे जळून..."

"निळा धूर."

"निळा धूर. बोला, फिल्टर कुठे आहे?"

"पेटीच्या खाली."

दोघांनीही पेटीकडे पाहिले. त्याने पाना उचलला आणि आठ बोल्ट एकामागून एक काढले. पेटी तिने उतरवून घेतली. हवेच्या डब्याचे झाकण निघाले. आत, महिन्याभरापूर्वी नवा असलेला फिल्टर तेलात असा बुडालेला होता, जसा चहात विसरलेला पाव. डब्याच्या तळाशी सोनेरी-काळसर तळे साचले होते, आणि त्या तळ्यात वाकून पाहणारे दोन चेहरे दिसत होते.

"धुराच्या गाडीचा आधी हवेचा डबा उघडायचा," आत्या काउंटरवरून कडाडली. "पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तुला मी! तीन दिवस काय करत होतास?"

त्याचे कान लाल झाले. "फिल्टर नवा आहे म्हणाल्या..."

"आणि?"

"आणि... वर त्यांची पेटी होती." तो बोल्ट हातात फिरवत राहिला. "त्या ती दिवसातून दोनदा पुसतात. झाकण लावताना हळूच लावतात, बाळाच्या खोलीचं दार लावावं तसं. मला वाटलं, माझे काळे हात... उगीच कशाला. म्हणून नाही काढली."

तिला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरून आले. एकाने जपून हात लावला नाही, दुसरीने जपून रोज तेल घातले. आणि त्या दोन काळज्यांच्या मधे एक धडधाकट इंजिन तीन महिने गुदमरत होते.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

"आपलं," ती म्हणाली.

मग कामाला गती आली. त्याने जादा तेल काढले; पातेले जवळजवळ भरले. तिने हवेचा डबा पुसला, कोपरे बोटाला फडके गुंडाळून, जखम साफ करावी तशी. नवा फिल्टर आत्याने स्वतः गुडघे सावरत आणून दिला. इंजिन सुरू झाले आणि पहिल्याच दमात शेडभर निळा धूर कोंदला.

तिचा चेहरा उतरला.

"थांबा," तो म्हणाला. "सायलेन्सरमध्ये जुनं साचलंय. ते जळू द्या."

ते दोघे शेडच्या दाराशी उभे राहून पाहत राहिले. पाच मिनिटे झाली, धूर तसाच. दहा मिनिटांनी तो विरळ झाला, मग फाटला, मग एखाद्या विसरत चाललेल्या दुःखासारखा तुटक तुटक येऊ लागला. तिने नकळत त्याची बाही धरली होती. एक शेवटची निळी रेघ वर गेली, पावसात मिसळली, आणि त्यानंतर नळीतून जे आले ते डोळ्यांना दिसेना.

त्याने इंजिन बंद केले आणि मापाची काठी काढून तिच्यापुढे धरली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे होते.

मग तो काउंटरपाशी गेला, आत्याचीच पेन्सिल बाजूला सारून पेन घेतले, आणि दाखल्यावर सही केली.

*

शुक्रवारी मोठे डॉक्टर पाचव्या वळणावर जीपमधून उतरले, दाखला उलटसुलट वाचला आणि म्हणाले, चढून दाखवा. ती चढली. आठव्या गोठ्याच्या कड्यापाशी मागे वळून पाहिले तर मागे नुसता रस्ता होता. ओला, स्वच्छ, रिकामा. खाली आल्यावर मोठे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, दवाखाना पुढची तीन वर्षे इथेच राहील; मात्र प्रयोगशाळेतली जागाही रिकामी आहे, तिथे पगारही बरा, आईवडीलही जवळ. तिथे दुसरे कुणी पाठवायचे की तुम्हीच येता? तिने विचार करायला वेळ मागितला नाही.

दुपारी पाऊस उघडला. ती गॅरेजच्या दारात उभी राहिली तेव्हा तो एका पंपाच्या पोटात दोन्ही हात घालून बसला होता. तिला पाहताच त्याची नजर तिच्या मागे गेली.

"गाडी कुठाय?"

"दवाखान्यापाशी."

"बिघडली?"

"नाही. ठणठणीत आहे."

"मग... दाखला मान्य नाही केला?"

"केला. तीन वर्षं."

त्याने श्वास सोडला. मग पुन्हा कोड्यात पडला. "मग एवढ्या लांब चालत आलात?"

"हो. गाडीवरून आले असते तर तुम्ही गाडीकडेच पाहिलं असतं."

काउंटरमागे वर्तमानपत्राचे पान उलटायचे राहून गेले होते.

"मला खालीही बोलावलं होतं," ती म्हणाली. इतका वेळ घोकलेली वाक्ये ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. पण तिने डोळे त्याच्यावरून काढले नाहीत. "मी नाही म्हटलं. गुरांसाठी... आणि गुरं हे पूर्ण कारण नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय. यात काही लपवलेलं नाही, काही कमी करून सांगितलेलं नाही. मला इथे राहायचंय ते... तुमच्याजवळ."

तो उभा राहिला. पंपातले पाणी त्याच्या बुटांवर सांडले, त्याचे त्याला भान नव्हते.

"थांबा," तो कसाबसा म्हणाला. "एक मिनिट. मी... हात पुसतो."

त्याने फडके उचलले आणि पुसू लागला. एकेक बोट, एकेक पेर, नखांच्या कडा. काळेपणा जात नव्हता आणि त्याचे पुसणे थांबत नव्हते.

"अगं पोरी," आत्याला अखेर राहवले नाही, "ते हात तीस वर्षांत स्वच्छ झालेले मी पाहिले नाहीत. तू काय त्याची वाट बघत उभी राहणार आहेस?"

ती पुढे झाली. आज मोठ्या डॉक्टरांसाठी घातलेला तिचा सदरा पांढराशुभ्र होता. तिने त्याच्या हातातले फडके काढून घेतले आणि पंपावर टाकले.

"राहू दे," ती म्हणाली. "हात असाच दे."